७८ मोठे की ५४?

‘मुली स्लो असतात’ हे वाक्य तुम्ही कॉलेजच्या ग्राउंडवर ऐकलंच असेल. त्यावर कुणीतरी खो-खो वर्ल्डकपचा दाखला देतं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत प्रियंका इंगळेच्या टीमने नेपाळला ७८-४० ने हरवलं, तर प्रतीक वाईकरच्या टीमने नेपाळलाच ५४-३६ ने. मग मुलीच फास्ट? तसंही नाही. मुली मुलींना पकडतात, मुलगे मुलग्यांना. गुण समोरच्या टीमवर ठरतात. त्यामुळे हे दोन आकडे शेजारी ठेवून वेगाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

वेग मोजायचा तर घड्याळ हवं. १०० मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम ९.५८ सेकंद, महिलांचा १०.४९. म्हणजे साधारण साडेनऊ टक्के जास्त वेळ. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचे स्नायू जास्त वाढतात, त्याचा फायदा सरळ धावण्यात दिसतो. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण खो-खो किंवा कबड्डीत सरळ धावायला मिळतं कुठे? तिथे लागते चपळाई. क्रीडाशास्त्रात चपळाई म्हणजे नुसतं वळणं नव्हे, तर समोरच्याची हालचाल बघून वेग किंवा दिशा बदलणं. त्यात पायांइतकंच डोळ्यांचं आणि डोक्याचं काम असतं. हुलकावणी ओळखणं सरावाने येतं, स्नायूंच्या आकाराने नाही.

इथेच खरी गोम आहे. ‘मुली स्लोच’ म्हणून त्यांना ग्राउंड कमी मिळालं, तर चपळाई येणार कुठून? शिवाय झटक्यात वळण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातला एसीएल फाटण्याचा धोका मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. उडीनंतर नीट उतरणं, वळताना गुडघा आत न झुकू देणं, हे शिकवलं तर तो कमी होतो. म्हणजे मुलींना सराव जास्त हवा, कमी नाही.

दातिवऱ्याच्या ओल्या वाळूवर स्वतःच करून बघा. आधी ठरलेल्या खुणेवरून वळा, मग मैत्रिणीने ऐनवेळी हात दाखवलेल्या दिशेला. दोन्ही वेळा मोबाइलवर टाइम लावा. दोन वेळांमधला फरक म्हणजे बघून निर्णय घ्यायला लागलेला वेळ. आठवडाभर सराव करून पुन्हा मोजा. पुढच्या वेळी कुणी ‘स्लो’ म्हणालं तर विचारा, सरळ की वळणावर?