नाताळचे ताट कोणाच्या हातचे?

आगमनकाळाची पहिली मेणबत्ती पेटण्याआधीच बाजारात नाताळ येऊन पोहोचलेला असतो. दिवाळीचे कंदील उतरतात न उतरतात तोच दुकानांच्या दर्शनी भागात प्लास्टिकचे तारे, घडी उलगडताच उभे राहणारे गोठे आणि रंगीत डब्यांत बंद केलेला 'पारंपरिक' फराळ मांडला जातो. पूर्वी जी तयारी घराघरांतून चार आठवडे चालत असे, ती आता एका संध्याकाळच्या खरेदीत आटोपता येते. ह्या बदलाकडे केवळ गतकाळाच्या आठवणींनी हळहळून पाहू नये, तसेच 'काळ बदलला' एवढे म्हणून तो सोडूनही देऊ नये. त्याची कारणे आणि त्याचे परिणाम तपासले पाहिजेत, असे आम्हांस वाटते.

एक ताजी घडामोड आधी ध्यानात घेऊ. 22 सप्टेंबर 2025 पासून वस्तू व सेवा कराच्या दरांत फेरबदल झाले. केक, पेस्ट्री, बिस्किटे व चॉकलेट यांवरील कर 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. लोणी, तूप आणि बदाम यांवरील कर 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे तयार मालाबरोबर घरी करण्याच्या जिन्नसांवरील कराचा भारही हलका झाला. तरीही घरची शेगडी आपोआप पेटणार नाही, कारण घरच्या फराळाला खरी किंमत पडते ती वेळेची आणि माणसांची. पैशाचा प्रश्न त्यानंतरचा आहे.

हातचे काम मागे का पडले?

नाताळच्या ताटातील पदार्थ पाहिले तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. त्यांतील बहुतेक पदार्थ एकट्याने करण्याचे नाहीतच. कुलकुलांचेच घ्या. मैदा, नारळाचे दूध व साखर यांच्या पिठाची लहानशी गोळी काट्याच्या किंवा स्वच्छ फणीच्या दात्यांवर दाबून वळवायची असते. किलोभर मैद्याची कुलकुले वळायची तर आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे परातीभोवती बसले पाहिजेत. दोदोलचे मिश्रण, तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ, घट्ट होऊन कडा सोडेपर्यंत तासन्‌तास ढवळावे लागते. एक हात थकला की दुसरा हवा. नेवऱ्यांना लाटणारी एक, भरणारी दुसरी, कातणारी तिसरी. थोडक्यात, ही एकत्र कुटुंबाची आणि शेजारणींच्या परस्पर मदतीची पाककृती आहे. कुटुंबे लहान झाली, शेजारी फ्लॅटचे दार बंद झाले आणि कृती तेवढी वहीत उरली.

दुसरे कारण जमिनीचे. निर्मळ, नंदाखाल, गिरीज, भुईगाव अशा आमच्या वसईच्या गावांतून घरापाठीमागे वाडी, समोर भातशेत आणि गोठ्यात गुरे असत. येशूच्या गोठ्यासाठी पेंढा, माती, बांबू, झावळ्या विकत आणण्याचा प्रश्नच नव्हता. शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्यावर पेंढाही बाजारातून आणावा लागतो. मग तयार गोठाच आणलेला काय वाईट, असे कोणी म्हटले तर त्याला दोष देता येत नाही.

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्यावर आपण क्वचितच बोलतो. जुन्या नाताळचे आपण जे गोड वर्णन करतो, त्यामागे घरातील स्त्रियांची जागरणे होती. आज तीच स्त्री पहाटेच्या लोकलने नोकरीला जाते आणि रात्री परतते. तिने त्यावर पुन्हा पाच प्रकारचा फराळ, पडदे-चादरी, पाहुण्यांचे जेवण हे सारे उरकावे आणि मध्यरात्रीच्या मिस्साला प्रसन्न मुद्रेने हजर राहावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. बेथानीच्या घरी मार्था कामाने कासावीस झाली, तेव्हा प्रभूने तिच्या चिंतेकडे प्रेमाने लक्ष वेधले. आपल्या घरातील मार्थेला मात्र आपण 'तुझ्या हातची चव कोणाला नाही' एवढे प्रशस्तिपत्र देऊन पुन्हा स्वयंपाकघरात पाठवितो. घरच्या फराळाचा आग्रह धरायचा असेल, तर तो धरणाऱ्याने आधी बाह्या सरसावल्या पाहिजेत.

गोठा, कंदील आणि कायदा

गोठ्याच्या बाबतीत ख्रिस्तसभेचा वारसा स्पष्ट आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांनी 1223 साली इटलीतील ग्रेचो ह्या खेड्यात नाताळच्या रात्री गवत, बैल आणि गाढव एवढ्यावर बेथलेहेम उभे केले. त्याच ग्रेचो येथे 1 डिसेंबर 2019 रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी गोठ्याच्या अर्थावरील आपल्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली आणि कुटुंबांनी एकत्र येऊन गोठा उभारण्याच्या प्रथेला मनापासून उत्तेजन दिले. गोठा मांडता मांडता आई-वडील, आजी-आजोबा पुढच्या पिढीला श्रद्धा सांगत असतात, हा त्यातील महत्त्वाचा विचार आहे. दुकानातून जोडून आलेल्या गोठ्यात ही सांगण्याची वेळच उरत नाही.

येथे नागरी कायद्याचाही संबंध येतो. महाराष्ट्र शासनाने मार्च 2018 मध्ये प्लास्टिक व थर्माकोलवर निर्बंध घातले. केंद्र शासनाने 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरण्याच्या ज्या प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली, त्यांत सजावटीचा थर्माकोलही आहे. तरीही थर्माकोलचे डोंगर आपल्या गोठ्यांतून पूर्णपणे हद्दपार झालेले नाहीत. 'लाउदातो सी' ह्या 2015 च्या विश्वपत्रावर प्रवचने ऐकणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. पर्याय आपल्या आजोबांनी करून ठेवलेला आहेच. पसरट भांड्यात माती घालून साधारण 12 डिसेंबरच्या सुमारास गहू किंवा नाचणी पेरली, रोज पाणी शिंपडले, की नाताळच्या आदल्या दिवशी बाळ येशूभोवती हिरवेगार शेत डोलते. ते रुजताना पाहणाऱ्या मुलाला आगमनकाळ म्हणजे वाट पाहणे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

ताऱ्याचेही तसेच. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद आणि घरची खळ एवढ्या साहित्यात नाताळचा तारा होतो. दिवाळीचा आकाशकंदीलही ह्याच साहित्याचा, ह्याच हातांचा. दिवाळीची करंजी आणि नाताळची नेवरी ह्यांचे नातेही असेच सख्ख्या बहिणींचे आहे. आपला नाताळ ह्या मातीत किती खोल रुजला आहे, याची साक्ष ह्या साध्या वस्तू देतात.

कुंपणापलीकडे जाणारे ताट

घरच्या फराळाचा सर्वांत मोठा उपयोग तो वाटण्यात आहे. गोव्यात नाताळच्या फराळाचे ताट शेजाऱ्यांकडे पाठविण्याच्या प्रथेला 'कोन्सुआद' म्हणतात. आपल्याकडेही दिवाळीला शेजारच्या घरून चकली-करंजी यायची आणि नाताळला तेच ताट कुलकुले घेऊन परत जायचे. रिकामे ताट परत करायचे नाही, हा अलिखित नियम दोन्ही धर्मांच्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला.

ह्या नियमाचे मोल आज अधिक आहे. 24 डिसेंबर 2025 रोजी छत्तीसगढमधील रायपूर येथे जमावाने एका मॉलमधील नाताळच्या सजावटीची मोडतोड केली. अशा घटनांचा निषेध झालाच पाहिजे, कायद्याने आपले काम केलेच पाहिजे. परंतु त्यापलीकडे आपल्या हाती काय आहे, हा प्रश्न उरतो. मॉलमधील झाडाशी कोणाचेच नाते नसते. जिच्या घरचे ताट आपल्या घरी येते त्या मावशीविषयी मात्र गैरसमज पसरविणे कठीण जाते. 'नोस्त्रा एताते' ह्या व्हॅटिकन परिषदेच्या जाहीरनाम्याला 28 ऑक्टोबर 2025 रोजी साठ वर्षे पूर्ण झाली. आंतरधर्मीय संवादाचा हा दस्तऐवज आपल्या वस्तीत कोण वाचणार, असे वाटत असेल तर त्याचा अनुवाद ताटातून करता येतो. कुरिअरने पाठविलेल्या डब्याला हे साधत नाही, कारण त्यात दारात उभे राहून बोलण्याची दोन मिनिटे नसतात.

काय करता येईल?

सगळेच घरी करू नये. दोनच पदार्थ निवडावेत आणि ते सर्वांनी मिळून करावेत. आगमनकाळाच्या चार रविवारांची वाटणी सोपी आहे. पहिल्या रविवारी केकसाठी सुका मेवा भिजवावा आणि कामट्या आणाव्यात. दुसऱ्या रविवारी तारा करावा आणि धान्य पेरण्याची तयारी ठेवावी. तिसऱ्या रविवारी कुलकुले वळावीत. चौथ्या रविवारी गोठा उभा करावा, मात्र बाळ येशूची जागा नाताळच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवावी. कुलकुले वळताना मोबाइल बाजूला राहतात, हा जास्तीचा लाभ. तळणाचे आणि भांडी घासण्याचे काम घरातील पुरुषांनी पत्करावे.

उरलेला फराळ विकत घ्यायचाच असेल तर धर्मग्रामातील ज्या भगिनी तो घरी करून विकतात, त्यांच्याकडून घ्यावा आणि नातलगांची सवलत न मागता पूर्ण दाम द्यावा. अशा भगिनींना अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी करून देण्यास धर्मग्रामातील सुशिक्षित तरुणांनी मदत केली, तर तीही सेवाच ठरेल. भेटवस्तूंसाठी आपल्याच पालघर जिल्ह्यातील वारली कलाकारांची चित्रे, घरचा बाटली मसाला, कुंडीतील रोपटे किंवा हाताने लिहिलेले पत्र यांचा विचार व्हावा. आणि ताटांची यादी करताना एक ताट अशा घरासाठी राखावे, जेथून परतफेड येण्याची शक्यता नाही. वृद्ध, एकाकी, भाड्याच्या खोलीत राहणारे परप्रांतीय मजूर, ह्यांची नावे यादीत शेवटी येऊ नयेत.

बेथलेहेमच्या त्या रात्री बाळासाठी तयार काहीच नव्हते. मातेने स्वतःच्या हातांनी त्याला कपड्यात गुंडाळले आणि ज्याच्या छत्राखाली ते वाढले तो योसेफ हातांच्या कष्टांवर जगणारा सुतार होता. वाचकहो, यंदाच्या नाताळात परातीभोवती घरातले सगळे एक संध्याकाळ बसले आणि त्यातील एक ताट कुंपणापलीकडे गेले, तर पवित्र कुटुंबाचा सण आपण कुटुंब म्हणून साजरा केला, असे खुशाल समजावे.