पुस्तक घेतलं, पण ते माझं आहे का?

१५ ऑक्टोबर जवळ आला की आमच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धेचा विषय ठरलेला असतो : छापील पुस्तक विरुद्ध ई-बुक. डॉ. अब्दुल कलामांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो आणि त्या दिवशी वाचनावर बोलायचं म्हणजे याच विषयावर बोलायचं, असा जणू नियमच आहे. एक स्पर्धक नव्या पुस्तकाच्या वासाबद्दल बोलतो. दुसरा म्हणतो, हजार पुस्तकं खिशात मावतात. परीक्षक शेवटी ‘दोन्हींचं आपापलं महत्त्व आहे’ असं सांगतात, चहा-समोसा होतो आणि सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

सेकंड इयरला मीही बोलले होते. ई-बुकच्या बाजूनं. दुसरा नंबर आला आणि बक्षीस म्हणून छापील पुस्तक मिळालं!

तेव्हा जे बोलले त्यातलं निम्मं मला आजही पटतं. उरलेलं निम्मं गेल्या पावसाळ्यात पटेनासं झालं. त्याचीच ही गोष्ट.

कॉट बेसिसवरची लायब्ररी

मी बार्शीची. शिकायला पुण्यात आले ती कॉट बेसिसवर राहायला. म्हणजे एक कॉट, अर्धं कपाट आणि खिडकीच्या कट्ट्यावर जेवढं मावेल तेवढं. त्यात दर अकरा महिन्यांनी अ‍ॅग्रीमेंट संपतं आणि बऱ्याचदा खोली बदलते. पुस्तकांचं एक खोकं उचलून तीन जिने चढून बघा, छापील पुस्तकांवरचं प्रेम दुसऱ्या मजल्यापर्यंत टिकतं. म्हणून मी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर मराठी ई-बुक्स विकत घ्यायला लागले. दोन वर्षांत २३ पुस्तकं झाली. विकत घेतलेली, हे मुद्दाम सांगते, कारण फुकटच्या पीडीएफकडे आपण नंतर वळणारच आहोत.

याच काळात आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. छापील अक्षर दिसत नाही म्हणून तिनं वाचन सोडून दिलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची मोफत ई-आवृत्ती उतरवून घेतली, अक्षर चांगलं वाटाण्याएवढं मोठं केलं आणि फोन तिच्या हातात दिला. एका स्क्रीनवर जेमतेम दहा-बारा शब्द मावायचे. आजी रोज दुपारी बोटानं पानं सरकवत बसायची आणि मधेच हसायची. त्यामुळे ‘स्क्रीनवरचं वाचन म्हणजे वाचनच नाही’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. ज्यांचे डोळे चांगले आहेत, तेच असं बोलू शकतात.

मग जुलैत बसच्या गर्दीत माझा फोन गेला. नवा घेतला, अ‍ॅप पुन्हा टाकलं, तर ओटीपी जुन्या नंबरवर. ते सिम मी रिचार्ज न करता कधीच बंद पडू दिलं होतं, तो नंबर एव्हाना दुसऱ्या कुणाला तरी मिळालेला. कस्टमर केअरला सहा मेल केले. सहाही वेळा एकच उत्तर आलं : कृपया नोंदणीकृत नंबरवरून लॉग-इन करा. पैसे भरल्याच्या पावत्या पाठवल्या, तरी तेच. २३ पुस्तकं गेली आणि त्यातल्या चार पुस्तकांत प्रोजेक्टसाठी केलेल्या खुणाही गेल्या.

आजीचं ‘स्मृतिचित्रे’ मात्र वाचलं. त्याची फाइल बहिणीच्या फोनमध्येही होती. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये गेल्या, त्यांच्या पुस्तकावरचा स्वामित्वहक्क केव्हाच संपलाय. त्यामुळे ती फाइल कुणीही कुणालाही द्यावी. थोडक्यात, ज्याचे पैसे भरले नव्हते ते पुस्तक माझ्याकडे राहिलं आणि ज्यांचे भरले होते ती गेली. चूक माझीही आहे, नंबर अपडेट करायला हवा होता. पण नंबर बदलला म्हणून कपाटातली पुस्तकं कधी गायब झाल्याचं ऐकलंय?

‘बाय’ म्हणजे नक्की काय?

मग मी पहिल्यांदाच ई-बुक्सच्या नियम आणि अटी वाचल्या. आपण ‘बाय नाऊ’चं बटण दाबतो, पण खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पुस्तक विकलेलं नाही, वाचायचा परवाना दिलाय. किंडलवरही असंच आहे. पुस्तक कंपनीच्या सर्व्हरवर, आपल्याकडे फक्त आत यायची परवानगी.

याचा अर्थ काय होतो ते २००९ मध्ये जगानं पाहिलंय. त्या वर्षी जुलैत अ‍ॅमेझॉननं अमेरिकेतल्या ग्राहकांच्या किंडलमधून काही पुस्तकं परस्पर काढून टाकली. ज्यानं ती विक्रीला ठेवली होती त्याच्याकडे हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत दिले, पण लोक सकाळी उठून बघतात तर पुस्तक नाही. आणि पुस्तकं कोणती? जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अ‍ॅनिमल फार्म’! सरकार सगळ्यांवर नजर ठेवतं, नको असलेला कागद नष्ट करतं, असं ज्या कादंबरीत आहे नेमकी तीच. एका शाळकरी मुलानं अभ्यासासाठी त्यात केलेल्या नोंदीही निरुपयोगी झाल्या. पुढे जेफ बेझोसनी माफी मागितली.

२०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं आपलं ई-बुकचं दुकानच बंद केलं. तिथून घेतलेली सगळी पुस्तकं लोकांच्या यंत्रांतून नाहीशी झाली. पैसे मिळाले, पुस्तकं गेली. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये अ‍ॅमेझॉननं विकत घेतलेल्या किंडल पुस्तकाची फाइल कॉम्प्युटरवर उतरवून ठेवायची सोय काढून टाकली.

अप्पा बळवंत चौकातला एखादा दुकानदार दुकान बंद करताना आपल्या घरी येऊन म्हणाला, ‘ताई, मागच्या वर्षी नेलेलं पुस्तक द्या परत, हे घ्या पैसे,’ तर आपण काय म्हणू?

हिशोब मांडून बघू

ई-बुक स्वस्त असतं म्हणतात. समजा, छापील पुस्तक ४०० रुपयांना आहे आणि ई-बुक २८०ला. १२० रुपये वाचले. पण सेमिस्टर संपल्यावर तेच छापील पुस्तक मी ज्युनिअरला २००ला दिलं, तर मला ते २००लाच पडलं आणि तिलाही निम्म्यात मिळालं. आपल्यातले कितीतरी जण अशाच सेकंड हँड पुस्तकांवर ग्रॅज्युएट झालेत. ई-बुक विकता येत नाही आणि बहुतेक वेळा उसनंही देता येत नाही. त्यात चांगला ई-रीडर घ्यायचा तर दहा-पंधरा हजारांची तयारी हवी, म्हणजे अनेकांचं दोन-तीन महिन्यांचं खोलीभाडं.

करातही फरक आहे. छापील पुस्तकावर जीएसटी नाही. ई-बुकवर आधी १८ टक्के होता, २०१८ मध्ये तो ५ टक्क्यांवर आला, तोही ज्या पुस्तकाची छापील आवृत्ती आहे त्यापुरताच. म्हणजे सरकारच्या लेखीसुद्धा छापलेलं पुस्तक हेच खरं पुस्तक आणि ई-बुक ही त्याची सावली.

तिसरा पर्याय, ज्यावर कुणी बोलत नाही

पण खरं सांगू का? आपल्यातल्या बहुतेकांसमोर ‘पुस्तक की किंडल’ हा प्रश्न नसतोच. आपण वाचतो ते टेलिग्रामवर आलेली पीडीएफ किंवा गेटसमोरचं झेरॉक्स. वादविवाद स्पर्धेत यावर कुणी बोलत नाही, कारण परीक्षक सर असतात.

झेरॉक्सचं थोडं वेगळं आहे. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानावर तीन मोठ्या परदेशी प्रकाशकांनी खटला भरला होता. अभ्यासक्रमासाठी लागणाऱ्या निवडक भागांचे संच झेरॉक्स करून देणं हा स्वामित्वहक्काचा भंग नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१६ मध्ये दिला. शिकण्यासाठी कायद्यानं ठेवलेली ती सवलत आहे. पण परवा आलेली मराठी कादंबरी अख्खी स्कॅन करून ग्रुपवर टाकणं त्यात बसत नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती अनेकदा हजार-अकराशे प्रतींची. त्यातल्या शंभर वाचकांनी फुकट पीडीएफ वाचली, तर त्या लेखकाचं दुसरं पुस्तक छापायला प्रकाशक तयार होईल का? मीही अशा पीडीएफ वाचल्यात. म्हणून तर हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

मग विकत घेऊन वाचायचं म्हटलं, तर हवं ते पुस्तक ई-रूपात सापडत नाही. किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली डिसेंबर २०१६ मध्ये, म्हणजे किंडल बाजारात आल्यावर नऊ वर्षांनी. याला एक साधं तांत्रिक कारणही आहे. आपली जुनी पुस्तकं ज्या फॉन्टमध्ये डीटीपी झाली, ते युनिकोड नव्हते. त्या फाइली जशाच्या तशा ई-बुक होत नाहीत. रूपांतर केलं की जोडाक्षरं तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. मग कुणीतरी बसून ओळन् ओळ तपासायची. छोट्या प्रकाशकाला ते परवडत नाही. आणि स्कॅन केलेली पीडीएफ सहा इंची स्क्रीनवर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, कारण त्यात अक्षर मोठं होत नाही, अख्खं पान मोठं होतं आणि मग डावी-उजवीकडे सरकवत बसायचं.

मग वाचायचं कशावर?

‘दोन्हींचं आपापलं महत्त्व’ म्हणून मी सुटणार नाही. कशासाठी काय, हे ठरवता येतं.

२०१८ मध्ये स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला होता. त्या अभ्यासांत मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास लोक होते. निष्कर्ष असा की माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक आणखी वाढतो. गोष्ट-कादंबरीत मात्र फरक दिसला नाही. म्हणजे पीएलमध्ये, उद्यावर पेपर आलेला असताना, आपण मोबाइलवर नोट्स वाचतो ती सगळ्यात वाईट वेळ आणि सगळ्यात वाईट जागा.

त्यामुळे माझा नियम आता असा आहे : अभ्यासाचं कागदावर. पुस्तक नसेल तर लायब्ररी, तेही नसेल तर झेरॉक्स. एकदा वाचून होणारी कादंबरी खुशाल ई-बुकमध्ये. हक्क संपलेलं जुनं साहित्य तर डिजिटलच, कारण ते फुकट आहे आणि कायदेशीरही. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. ‘श्यामची आई’ लिहिणारे साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन २०११ पासून मुक्त आहे. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं त्यांच्या वेबसाइटवरून उतरवून घेता येतात. आणि जे पुस्तक आपल्याला घडवेल असं वाटतं, जे पुन्हा पुन्हा उघडावंसं वाटतं, ज्याच्या समासात आपण भांडतो, ते छापील. मग जिने चढावे लागले तरी चालेल.

प्रकाशकांकडे आणि अ‍ॅपवाल्यांकडे मात्र एकच मागणी आहे. पैसे घेतलेत ना, मग फाइल आमच्या हातात द्या, कुलूप न लावता. नाहीतर बटणावर ‘विकत घ्या’ असं लिहू नका, ‘भाड्यानं घ्या’ असं लिहा आणि भाड्याएवढेच पैसे घ्या. आणि कॉलेजच्या लायब्ररीनं पाच-दहा ई-रीडर घेऊन आठ दिवसांच्या बोलीवर द्यायला काय हरकत आहे? ज्यांना छापील अक्षर दिसत नाही त्यांना ते सगळ्यात आधी मिळावेत.

जाता जाता : स्पर्धेत मिळालेलं ते बक्षीसाचं पुस्तक सध्या माझ्याकडे नाही. रूममेटनं नेलं होतं, तिच्याकडून तिच्या मावसभावानं नेलं. मागच्या आठवड्यात त्यानं मला फोटो पाठवला. ६४व्या पानावर मी पेन्सिलनं ‘हे काही पटत नाही’ असं लिहिलं होतं. त्याखाली निळ्या पेननं दुसऱ्याच कुणाचं तरी अक्षर : ‘मला पटलं.’ ते अक्षर त्याचंही नाही, रूममेटचंही नाही. कुणाचं आहे, ते शोधतेय.