काल्देइराद्यात शेवंड कशाला?

पोर्तुगालच्या किनाऱ्यावर काल्देइरादा चुलीवर चढला की भांड्यात डाव घालायला मनाई असते. तळाला ऑलिव्ह तेल, त्यावर कांद्याच्या चकत्या, टोमॅटो, भोपळी मिरची, लसूण, मग बटाट्याचे जाडसर काप आणि त्यावर मीठ लावून ठेवलेल्या माशांचे तुकडे. पुन्हा कांदा, पुन्हा बटाटा, पुन्हा मासे. मधूनमधून लॉरेलचे पान, पार्सली आणि झेपेल तेवढी पिरी-पिरी मिरची. वरून पेलाभर व्हाईट वाइन ओतायची, घट्ट झाकण लावायचे आणि आच मंद करायची. पाणी घालायचेच झाले तर नावापुरते. कांद्याला आणि टोमॅटोला जे सुटते त्यातच सगळे शिजते. खाली लागेल अशी शंका आली तर भांड्याचे दोन्ही कान धरून भांडेच हिसडायचे. डाव फिरवला की मासा मोडतो, बटाट्याचा लगदा होतो आणि हाताशी उरते ते गढूळ सूप.

अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम. यासाठी ना कुठली दुर्मीळ वस्तू लागते, ना हातात मोठे कसब. आणि नेमकी हीच गोष्ट आज काही उपाहारगृहांना खुपते आहे. पर्यटकांच्या वाटेवरच्या मेन्यूमध्ये काल्देइराद्यात कोळंबी येते, शिंपल्या येतात, मंकफिश येतो, आणि दर चढवायचा असला की शेवंडही येते. पदार्थाचा मान वाढला असे म्हणून हे खपवले जाते. खरे तर यात पदार्थाचा जीवच काढून घेतला जातो.

काल्देइरादा कोळ्यांचा. सेतुबाल, सेझिंब्रा, पेनिश, नाझारे या बंदरांत होड्या किनाऱ्याला लागत, चांगला माल विक्रीला जाई आणि मागे उरे ते ज्याला गिऱ्हाईक नाही असे: लहान, काटेरी, दिसायला ओबडधोबड, जाळ्यात चिरडलेले. एका जातीचे पुरेसे नसत, म्हणून पाच जातींचे एकत्र पडत. लिस्बनजवळ तेजू नदीत मालवाहू होड्या चालवणाऱ्या खलाशांच्या नावाचाही एक काल्देइरादा आहे. त्यांच्याकडे होडीवरची एक चूल आणि एक भांडे, एवढाच संसार. आजही पोर्तुगीज बंदरांत मासळी ‘लोता’ म्हणजे लिलावघरात जाते, जिथे बोली वरून खाली उतरत येते. पण खलाशांनी घरी खायला न्यायचा वाटा लिलावाबाहेर ठेवण्याची रीत आहे, आणि त्या वाट्यालाही काल्देइरादाच म्हणतात. भांड्यात काय पडणार, हे ठरवणारा त्या दिवसाचा समुद्र आणि त्या दिवसाचा बाजार.

या पदार्थाला प्राचीन म्हणून मिरवण्याचे कारण नाही. बटाटा, टोमॅटो, भोपळी मिरची ही सगळी अमेरिका खंडातून आलेली मंडळी. बटाटा तर पोर्तुगालमध्ये सर्वसामान्यांच्या चुलीपर्यंत पोचायला अठरावे-एकोणिसावे शतक उजाडले. म्हणजे आज ज्याला ‘अस्सल’ म्हटले जाते तेही एके काळी नवेच होते. मारिया द लुर्दिश मोदेश्तू या बाईंनी 1958 पासून पोर्तुगीज दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकवला, गावोगावच्या पाककृती जमवल्या आणि 1982 मध्ये पारंपरिक पोर्तुगीज स्वयंपाकाचा जाडजूड ग्रंथ काढला. तो आजही तिथल्या घरांत प्रमाण मानला जातो. एकच एक राष्ट्रीय चव न ठरवता प्रांताप्रांताची चूल वेगळी ठेवण्यात या बाईंचे मोठेपण आहे.

मार्सेयमध्ये याच्या उलट झाले. तिथला बुइयाबेस हाही कोळ्यांचा, उरल्यासुरल्या खडकाळ माशांचा रस्सा. त्याच्या नावावर पर्यटकांना काहीही वाढले जाते, म्हणून 1980 मध्ये तिथल्या काही उपाहारगृहांनी सनद केली. ठरावीक यादीतले किमान चार मासे त्यात असलेच पाहिजेत असे ठरले, आणि हवी तर शेवंडही चालेल असे नमूद झाले. हेतू चांगला होता. पण आज सनदवाल्या ठिकाणी त्या रश्श्यासाठी माणशी 50 युरोंहून अधिक मोजावे लागतात, आणि ज्या कोळ्यांच्या घरातून तो आला त्यांना तिथे बसून जेवणे परवडण्यासारखे राहिलेले नाही. काल्देइराद्याला अशी सनद नको.

हलक्या माशांची बाजू घेताना नुसता कळवळा पुरत नाही. ते चवीलाही सरस ठरतात. पाखटाच्या जातीचा ‘राया’ आणि आपल्या वामेसारखा दिसणारा ‘साफियू’ हे दोन मासे जुन्या काल्देइराद्याचे खांब आहेत. पाखटाच्या कुर्च्यांमधून आणि वामेच्या कातडीतून शिजताना चिकटसर द्रव्य सुटते. त्याने रसाला असे अंग येते की पीठ, साय, काही लावावे लागत नाही. हे घट्ट मांसाचे मासे तळाशी, नाजूक मासे वर, ही थरांची समज पिढ्यान्पिढ्यांच्या हातांनी घडवलेली आहे. कोळंबी आणि शेवंड अर्ध्या तासाच्या वाफेत चिवट होतात. म्हणून ती शेवटी वरून टाकावी लागतात, आणि मग ती पदार्थात मुरण्याऐवजी ताटाची शोभा म्हणून बसतात. चार पैसे जास्त देऊन कमी चवीचे खायचे, यात कसला मान?

दुसरे कारण समुद्राचे. युरोपीय संघात दरडोई सर्वात जास्त मासे पोर्तुगीज खातात, वर्षाला माणशी 50 किलोंहून अधिक. स्वतःचा समुद्र त्यांना पुरत नाही. ज्या खारवलेल्या कॉडवर, बाकाल्यावर, हा देश जीव टाकतो तो प्रामुख्याने नॉर्वेच्या पाण्यातून येतो. सार्डिन तर पोर्तुगालची ओळख, पण तिचा साठा इतका घसरला होता की 2018 साठी शास्त्रज्ञांनी ती अजिबात पकडू नका असा सल्ला दिला. तो सल्ला पूर्णपणे अमलात आला नाही, पण कोटा कसला गेला आणि साठा हळूहळू सावरला. अशा देशात मोजक्या चार जातींवरचा भार हलका करणारा पदार्थ घरात तयार असताना, त्यालाच मोजक्या महाग जातींचा करून टाकणे हे करंटेपण आहे. आमालिया रॉद्रिगिश या महान फादो गायिकेने काल्देइराद्यावर एक गाणे गायले आहे. त्यात भांड्यात पडण्याआधी जमलेले मासे सभा भरवतात आणि माणसांनी समुद्र घाण केल्याची तक्रार मांडतात. ऐकणारे हसतात, पण तक्रार खरी आहे.

मात्र ‘गरिबांचा मासा’ असे शिक्कामोर्तब झाले म्हणून तो आपोआप निर्दोष ठरत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे बोलायला हवे. आवैरूच्या खाजणातल्या ईलचा काल्देइरादा फार नावाजलेला. मसाल्याच्या पुडीने पिवळसर झालेला त्याचा रस लोक लांबून येऊन पितात. पण युरोपीय ईल आज अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. पाखटांच्या काही जातींवर युरोपीय पाण्यात निर्बंध आहेत. लहान मुशीही हळू वाढणारी. ईल काही वर्षे भांड्याबाहेर राहिली तर परंपरा बुडत नाही, कारण जे मुबलक आहे ते शिजवायचे हीच इथली परंपरा आहे. आज मुबलक आहे तो कारापाऊ आणि काव्हाला. हा काव्हाला म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद. स्वस्त, तेलकट, वासाचा, म्हणून वर्षानुवर्षे दुर्लक्षित. लिलावघरे चालवणाऱ्या दोकापेश्का या सरकारी कंपनीने त्याच्या प्रचाराची मोहीमही काढली होती. तेलकट मासा आहे, तेव्हा वाइन थोडी जास्त आणि शिजण्याचा वेळ थोडा कमी, एवढीच काळजी घ्यावी.

हा पदार्थ गोव्यातही आला आणि रुळला. तिथल्या ख्रिस्ती घरांत मासे किंवा कोळंबी, बटाटा, कांदा, टोमॅटो असे थर लावून वाइनमध्ये शिजवलेला सौम्य काल्देइरादा होतो. हुमणाच्या आणि आंबट-तिखटाच्या मुलखात त्याने आपला मवाळ स्वभाव सोडला नाही, हे विशेष. कोकण-गोव्याच्या बाजारातही पापलेट आणि सुरमईपुढे दुसरे काही दिसत नाही अशी गत आहेच. महाराष्ट्राने 2023 मध्ये पापलेटला राज्यमासा केले ते त्याच्या घटत्या संख्येच्या काळजीने. वाम, पाखट, तारली यांचे थर लावून पाहायला इथल्या स्वयंपाकघरांनाही हरकत नसावी.

पोर्तुगालमधल्या उपाहारगृहांकडून मागणी फार मोठी नाही. मेन्यूवर काल्देइराद्यापुढे माशांची कायमची यादी छापू नये. लोतात सकाळी जे शेवटच्या बोलीला उरले ते विकत घ्यावे आणि त्या दिवशीची नावे खडूने फळ्यावर लिहावीत. कुठल्या बंदराचा माल, हेही लिहावे. उरलेल्या माशाला ठरलेले गिऱ्हाईक मिळाले तर लहान होडीवाल्याच्या हातात चार युरो जास्त पडतील. गिऱ्हाइकानेही ताटात काटे आले म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. आणि तळाशी उरलेला रस वेटरने उचलून नेऊ नये. घरोघरी त्या रसात दुसऱ्या दिवशी बारीक पास्ता शिजवतात, थोडी मिरची वाढवतात, हाताने कुस्करलेला एखादा माशाचा तुकडा टाकतात. अनेक पोर्तुगीजांच्या मते खरे जेवण ते, आणि ते बहुतेक मेन्यूंवर नसतेच. ते मेन्यूवर आणावे, शेवंडीच्या जागी.