खान्देशी 'टोन' आणि अपूची गोष्ट

१/ पदव्युत्तर वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून 'आमना गावना' असे निघून गेले. वर्ग हसला. एकाने आग्रह धरला, 'तो खान्देशी टोन पुन्हा काढ ना!' त्यात दुष्टावा नव्हता. तरीही पुढील दोन वर्षे मी तिथे अहिराणीचा एक शब्द उच्चारला नाही. हा धागा त्या हसण्याविषयी.

२/ प्रथम एक दूरचे उदाहरण. 'द सिम्पसन्स' या अमेरिकी व्यंगचित्र मालिकेत १९९० पासून अपू नावाचा भारतीय दुकानदार आहे. त्याचा आवाज हँक अझारिया हे गोरे अभिनेते काढत. भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत त्याच उच्चारात चिडवले जाई.

३/ हरी कोंडाबोलू या विनोदकाराने २०१७ मध्ये यावर माहितीपट केला. 'मालिकेत सर्वांचीच थट्टा होते,' असा बचाव झाला. २०२० मध्ये अझारियांनी तो आवाज सोडला.

४/ तो बचाव मला अपुरा वाटतो. थट्टा इतरांचीही होत होती, हे खरे. पण इतरांची अन्य शेकडो रूपे पडद्यावर होती. भारतीयांचे बराच काळ जवळजवळ एकच होते. एकमेव चित्र जेव्हा विनोदी असते, तेव्हा तीच ओळख ठरते.

५/ आता आपल्याकडे या. 'खान्देशी टोन' म्हणून नकलाकार जो काढतात, तो नेमका कुठला? धुळे-अमळनेरकडे अहिराणी, जळगावच्या पूर्वेस लेवा गणबोली, शहादा-तळोद्याकडे गुजरी, सातपुड्यात पावरी आणि भिल्ली. या साऱ्यांचे एकच गावरान हेल काढून भरीत केले जाते.

६/ एकच चिठ्ठी चिकटवण्याची ही सवय जुनी आहे. १८१८ मध्ये खान्देश कंपनी सरकारकडे आला. दफ्तरांत 'भिल्ल' या शब्दामागे 'लुटारू' हे विशेषण सर्रास लागे. १८२५ मध्ये आउट्रमने धरणगावी भिल्ल पलटण उभारली, तेव्हा तेच भिल्ल विश्वासू शिपाई ठरले. माणसे तीच होती. सरकारची गरज बदलली होती.

७/ बोलीचेही तसेच. ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणात (१९०७) खान्देशी भिल्ली भाषांबरोबर एकाच खंडात आली. इकडे शाळेत तीच 'अशुद्ध मराठी' ठरली. वास्तविक 'गावचा' ऐवजी 'गावना' म्हणणे ही चूक नव्हे, तो अहिराणीचा नियम आहे. गुजराती 'गामनो' आठवा, म्हणजे नाते दिसेल.

८/ दोष केवळ पुण्या-मुंबईचा नाही. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) आसोद्याच्या. त्यांच्या गाण्यांची भाषा लेवा गणबोली. तरी त्यांना 'अहिराणी कवयित्री' म्हणणारे आपल्यातच कितीतरी भेटतात. आपणच आपल्या बोली ओळखत नसू, तर नकलाकाराने का ओळखाव्यात?

९/ म्हणून बंदीची मागणी मला पटत नाही. खान्देशाच्या वेशीवरच्या मालेगावने 'शोले'ची आपल्या ढंगात नक्कल केली आणि स्वतःवर मनसोक्त हसून घेतले. तिथे हसणाराही गावचाच होता आणि पात्रेही अनेक होती. आपल्याला थट्टेपासून संरक्षण नको. पडद्यावर अहिराणी बोलणारा वकील, डॉक्टर, प्रेमिक, खलनायकही हवा. मग विनोदी नोकर खुशाल असू द्या.

१०/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला आजच करता येईल असे काम एकच: घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीचा एक शब्द, अर्थ आणि गावाचे नाव यांसह खाली लिहा. माझ्यापासून सुरुवात: 'कथा' म्हणजे 'कुठे'. धुळे तालुका. आजी दारातून विचारायची, 'कथा जाई राह्यना, भाऊ?'