गच्चीवरचे ऊन आणि विजेचे देयक

बंगळूरच्या रस्त्यांवर १९०५ साली विजेचे दिवे लागले, ते कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत् केंद्राच्या बळावर. त्यानंतर शंभर वर्षे त्या नगरीत वीज एकाच दिशेने वाहत राहिली : केंद्राकडून घराकडे. आता मात्र अनेक गच्च्यांवर सौरपट दिसतात आणि भर दुपारी वीज घरातून रस्त्यावरील तारांकडे उलट वाहू लागते. या देवघेवीचा हिशेब नीट उमगला नाही, तर घरमालक आणि वीजकंपनी यांच्यात नाहक वितुष्ट येते.

सौरपटातील प्रवाह एकदिश असतो. इन्व्हर्टर त्याचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो व तारांतील विजेशी त्याचा मेळ घालतो. तारांतील वीज गेली, की हा इन्व्हर्टरही तत्काळ थांबतो. कडक ऊन असताना पंखा बंद का, म्हणून घरातील मंडळी चकित होतात; परंतु खांबावर चढलेल्या कामगाराला त्या घरातून येणाऱ्या विजेचा धक्का बसू नये, यासाठीच ही योजना असते. बॅटरीची वेगळी जोडणी असेल, तरच घर स्वतंत्रपणे चालते. तेव्हा ‘स्वतःची वीज’ हा शब्द जरा जपूनच वापरलेला बरा.

बंगळूरच्या उन्हात एक किलोवॅटचे पट दिवसाला सरासरी चार युनिटांच्या आसपास वीज देतात. म्हणजे तीन किलोवॅटचे महिन्याला सुमारे ३६०. समजा, त्यांतील १२० युनिटे दिवसा घरातच खर्ची पडली आणि २४० तारांत गेली. सायंकाळनंतर घराने २१० युनिटे परत घेतली. वजावटीच्या पद्धतीने ३० युनिटे घराच्या नावे जमा होतात. मग स्थिर आकार कशासाठी, अशी तक्रार येथूनच निघते. ती रास्त नव्हे. देयकावर ३० चा आकडा असला, तरी तारांनी ४५० युनिटांची ने-आण केलेली असते. शिवाय दिवेलागणीला त्या घरात येणारी वीज उन्हाची नसते. ती शरावतीच्या पाण्याची अथवा रायचूरच्या कोळशाची असते, आणि ती केंद्रे त्या घटकेसाठी सज्ज ठेवावी लागतात.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गच्चीवरून निघालेले दुपारचे युनिट बहुधा शेजारच्याच घरात खर्च होते. दूरच्या तारांतील गळती त्याला लागत नाही. कंपनीने ते अल्प दराने घ्यावे आणि शेजाऱ्याला पुऱ्या दराने विकावे, हा व्यवहारही न्याय्य म्हणता येणार नाही.

शासनाचे धोरण तरी एकमुखी असावे. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेने घरगुती ग्राहकाला, त्याच्या सरासरी वापराच्या मर्यादेत, महिना २०० युनिटांपर्यंत वीज विनामूल्य दिली. लगेच २०२४ साली केंद्राच्या सूर्यघर योजनेने सौरसंचासाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. ज्याला देयकच येत नाही, त्याने गच्चीवर पैसा का घालावा?

आणि ज्याला गच्चीच नाही, त्याचे काय? बंगळूरमधील असंख्य कुटुंबे भाड्याच्या खोल्यांत आणि बहुमजली इमारतींत राहतात. एका सामायिक संचाची वीज अनेकांच्या देयकांत वाटून देण्याची रीत तंत्रदृष्ट्या अवघड नाही. ती केवळ हिशेबाची बाब आहे. अनुदानाचा पुढील रुपया प्रथम तिकडे वळावा.