घर पाहावे बांधून, पण आधी विचारून

पाऊस संपला, दिवाळीचा फराळ सरला, की घराघरांतून गवंड्याची शोधाशोध सुरू होते. कुणाला मागच्या अंगाला एक खोली काढायची असते, कुणाला गच्चीवर पत्रे टाकायचे असतात, तर कुणाला नुसत्या फरश्या बदलायच्या असतात. एका वाचक भगिनीने विचारले आहे, ‘यातल्या कशाला परवानगी लागते आणि कशाला नाही? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.’

मी काही इंजिनीयर नाही. घर सांभाळून सकाळी शाळेत चार तास घेणारी बाई. पण हा धडा मी चांगली घसघशीत फी भरून शिकले आहे, म्हणून आधी आमचीच गोष्ट सांगते.

चार वर्षांपूर्वी सासूबाईंचे गुडघे इतके दुखू लागले, की त्यांना जिना चढवेना. खाली त्यांच्यासाठी खोली हवी होती. घराच्या मागे शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत बारा फूट जागा मोकळी होती. गवंडी म्हणाला, “वहिनी, एवढ्याशा खोलीला कसली परवानगी? जागा तुमची, पैसा तुमचा. बांधून झालं की घरपट्टी लावून घ्या, म्हणजे झालं कायदेशीर!” आम्हाला ते लगेच पटले, कारण ते सोयीचे होते. दीड महिन्यात खोली उभी राहिली. घरपट्टीच्या बिलावर तिची नोंदही झाली. ते बिल मी फाईलला लावले आणि निर्धास्त झाले.

गेल्या वर्षी ह्यांच्या दुकानासाठी घरावर कर्ज काढायचे ठरले. बँकेचा माणूस टेप घेऊन आला. सासऱ्यांनी १९८६ साली मंजूर करून घेतलेला नकाशा त्याने उघडला आणि म्हणाला, “ही खोली नकाशात नाही.” झाले! कर्ज अडले. नगरपालिकेत खेटे घातले, तेव्हा कळले, की मागच्या बाजूला सोडायचे सामासिक अंतर आम्ही मुळी सोडलेच नव्हते. तेवढा भाग काही केल्या नियमित होणार नव्हता. शेवटी मागची पाच फूट खोली तोडली, उरलेल्या भागासाठी दंड भरला, नवा नकाशा करून घेतला, तेव्हा कुठे सुटका झाली.

त्याच मागच्या भिंतीला सासूबाईंचे देवघर होते. घण पडायच्या दिवशी त्या ताम्हणात देव घेऊन पुढच्या खोलीत बसून राहिल्या. संध्याकाळी एवढेच म्हणाल्या, “सूनबाई, आधी विचारलं असतं, तर खोली पहिल्यापासून एवढीच बांधली असती ना?” मला काही उत्तर सुचले नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकूंनी त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडली. चार वर्षे त्या भरदुपारी दिवा लावून पोळ्या लाटत होत्या. बिचाऱ्या एका शब्दाने बोलल्या नव्हत्या. सामासिक अंतर कशासाठी सोडायचे, ते मला त्या खिडकीने शिकवले.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपल्या राज्यात बांधकामाच्या परवानगीचा मुख्य आधार म्हणजे १९६६चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. त्याखालचे बारीक नियम गावोगाव वेगळे असत. डिसेंबर २०२०पासून मुंबई आणि काही क्षेत्रे वगळता राज्यभर एकच एकत्रित नियमावली लागू झाली आहे. आपल्याला ती पाठ करायची गरज नाही. काम काढण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा.

पहिला, घराचा बाहेरचा आकार किंवा उंची बदलते का? नवी खोली, वरचा मजला, गच्चीवरची शेड, जिना, गॅलरीला भिंत घालून ती खोलीत घेणे, या सगळ्यांसाठी आधी विचारायलाच हवे. कुंपणाची भिंतही विचारून घालावी, विशेषतः रस्त्याकडेची.

दुसरा, घराचा भार उचलणारे काही हलते का? खांब, तुळई, स्लॅब आणि जुन्या घरातली जाड भिंत यांना विचारल्याशिवाय छिन्नीसुद्धा लावू देऊ नका. “दोन खोल्यांचा एक हॉल करू,” असे म्हणणे सोपे असते. जुलै २०१७मध्ये मुंबईत घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून १७ माणसे गेली. तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांच्या कामावर तेव्हा बोट ठेवले गेले. भिंत आपल्या घरातली असली, तरी तिच्या डोक्यावर दुसऱ्याचा संसार असतो.

तिसरा, वापर बदलतो का? राहत्या खोलीचे दुकान किंवा दवाखाना करायचा असेल, तर एक वीटही हलवली नाही तरी विचारावे लागते.

तिन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर बहुधा चिंता नको. रंग, गिलावा, फरशी, ओट्याची दुरुस्ती, त्याच उंचीवर कौले बदलणे, अशा कामांना सहसा परवानगी लागत नाही. फ्लॅट असेल तर सोसायटीला लेखी कळवा. मात्र सोसायटीची ‘हरकत नाही’ म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे.

परवानगी मागायची कुठे? शहरात महापालिका किंवा नगरपालिका. गावठाणात असाल तर ग्रामपंचायतीत विचारा. गावठाणाबाहेर असाल तर तहसील किंवा नगररचना कार्यालयात. सात-बारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणीचा नकाशा, जुना मंजूर नकाशा आणि घरपट्टीची पावती जवळ ठेवा. नवा नकाशा परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनीयरकडूनच काढून घ्या. शहरांत आता बऱ्याच ठिकाणी अर्ज ऑनलाइन करतात, ते कामही तेच करून देतात. लहान प्लॉटसाठी नव्या नियमावलीत पद्धत सोपी केली आहे, पण नकाशा आणि शुल्क तिथेही चुकत नाही. नियमांत बसणाऱ्या नकाशावर ६० दिवसांत निर्णय आला नाही, तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. नियमांत न बसणाऱ्याला मात्र ही सवलत नाही.

परवानगी वर्षाची असते. काम लांबले तर मुदत संपण्याआधी वाढवून घ्या. अशी सगळी मिळून चार वर्षे मिळतात. जोते झाले की तपासणी करून घ्या, आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र घेतल्याशिवाय काम संपले असे समजू नका.

आणि हे तर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवा: घरपट्टी लागली म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले असे नाही. घरपट्टी हा कर आहे, परवाना नव्हे. उलट अनधिकृत बांधकामावर घरपट्टीखेरीज शास्ती लावण्याचीही कायद्यात सोय आहे, आणि ती भरली तरी बांधकाम अनधिकृतच राहते.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा गवंडी बोलावण्याआधी कपाटातला मंजूर नकाशा काढा आणि घर त्याच्याशी ताडून पाहा. कुठे फरक दिसला, तर घरातल्या माणसांशी आजच बोला. आमच्या सासूबाई आता त्या छोट्या खोलीत रमल्या आहेत. देवघर पूर्वेच्या भिंतीला लावले आहे. मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तुळस लावली आहे, आणि काकू खिडकीतून तिला पाणी घालतात.