एक वाघीण की वाघाची जात? हिशेब दोन्हीचा हवा

यवतमाळ : राळेगाव तालुक्यातील बोराटी शिवारात २ नोव्हेंबर २०१८ ला टी-१ म्हणजेच अवनी वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यावर १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. शहरांत निषेध झाले, गावांत फटाके फुटले.

दोन्हीकडचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ११ प्रमाणे वाघ मारणे हा शेवटचा उपाय. पकडणे, बेशुद्ध करणे, दुसरीकडे हलवणे जमत नाही, अशी खात्री पटल्यावर मुख्य वन्यजीव रक्षकाने कारणे लिहून आदेश द्यायचा असतो. म्हणजे कायदा एकेका जिवाचीही किंमत धरतो.

एका वाघिणीने जात संपत नाही, हे खरे. पण व्यायला लागलेली मादी गेली की पुढची पिलेही जातात. अवनीच्या मादी बछड्याला पकडून पेंचला नेले. २०२१ मध्ये जंगलात सोडल्यावर काही दिवसांतच तेही मेले.

दुसरी बाजू कापूस वेचणाऱ्या बायांची आणि रात्री जागलीला जाणाऱ्यांची. त्यांचा धीर सुटला तर कुंपणाच्या तारेत करंट सोडला जातो, आणि त्यात कोणताही वाघ मरतो, निर्दोषसुद्धा. वाघाची जात गावाच्या सहनशीलतेवरच टिकून आहे.

खरा घोळ उशिराचा आहे. बळी २०१६ पासून सुरू झाले, गोळी २०१८ मध्ये सुटली. पहिल्या एक-दोन बळींनंतरच वाघीण पकडली असती, तर माणसेही वाचली असती आणि तीही.